अनुशेषाची वही

(गोरेगाव येथे एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी याच गोरेगावात शिकवीत, आणि त्यांच्या वर्गातून गेलेल्या पुष्कळांप्रमाणे माझ्याही मनात त्यांचा एक प्रश्न आजवर ठाण मांडून बसला आहे. भूगोलाच्या तासाला, पुस्तक उघडण्यापूर्वी, ते विचारीत, "तुझ्या घरी पाणी कोठून येते?" कोणी "नळातून" म्हणाला की त्यास ते खाली बसवीत. कोणी हुशारीने "विहारच्या तलावातून" असे सांगितले, तर "विहार आपल्या उशाशी आहे खरा, पण त्याचे पाणी आपल्या वाट्याचे असते तर तुझ्या आईस रात्री दोन वाजता हंडा घेऊन उठावे लागले असते काय?" असे म्हणून त्यालाही बसवीत. अखेरीस ते स्वतःच नकाशावर ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडे, तानसा आणि वैतरणेपर्यंत, बोट नेत आणि तेथल्या एखाद्या गावाचे नाव विचारीत. ते नाव आमच्यापैकी एकासही सांगता येत नसे.

आजचा विषय ‘प्रादेशिक विकास आणि सार्वजनिक गुंतवणूक’ हा असल्याचे निमंत्रणपत्रिकेवर छापले आहे. विषय रूक्ष आहे, त्यात आकडे अपरिहार्य आहेत, आणि संध्याकाळच्या लोकलमधून चेंगरून आलेल्या माणसास आकडे ऐकविणे म्हणजे त्याच्या सौजन्याचा गैरफायदा घेणे होय. तथापि आयुष्याची चौतीस वर्षे पाटबंधारे आणि नियोजन या दोन खात्यांच्या दफ्तरांत घालविलेल्या माणसाकडून आपण दुसरी अपेक्षाही केली नसेल. मला जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे, की मागासलेल्या प्रदेशाची बाकी आपण रुपयांत मोजतो, परंतु ती फिटते संस्थांनी. आणि ज्या प्रदेशापाशी मागणी मांडणारी, कामावर नजर ठेवणारी व झालेल्या खर्चाचा जाब विचारणारी संस्था नाही, त्याच्या नावे टाकलेली रक्कम कागदोपत्री पोहोचली तरी जमिनीवर पोहोचत नाही.

‘अनुशेष’ हा शब्द आज विदर्भातील शेतकऱ्याच्याही तोंडी आहे, पण स्वभावाने तो हिशेबनिसाचा शब्द आहे. आपल्या जुन्या वह्यांत त्यालाच ‘बाकी’ म्हणत, आणि सालअखेर ती नव्या वहीच्या पहिल्या पानावर ओढून घेत. महाराष्ट्र राज्याच्या वहीत ही बाकी राज्य जन्मण्यापूर्वीच लिहिली गेली होती. 28 सप्टेंबर 1953 रोजी झालेल्या नागपूर कराराने विदर्भ आणि मराठवाडा येथील पुढाऱ्यांस जी आश्वासने दिली, त्यांत निधीचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावे, मराठवाड्याकडे विशेष लक्ष दिले जावे आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन दरसाल नागपुरास भरावे या गोष्टी होत्या. पुढे 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 371 मध्ये विकास मंडळांची तरतूद झाली आणि समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकण्याचा मार्ग खुला झाला. मार्ग खुला होणे आणि त्यावरून कोणी चालणे यांमध्ये मात्र अडतीस वर्षांचे अंतर पडले. वैधानिक विकास मंडळे प्रत्यक्षात आली ती 1994 साली.

मधल्या काळात ज्या एका दस्तऐवजाने हा सारा प्रश्न भावनेच्या प्रांतातून उचलून अंकगणिताच्या प्रांतात आणला, तो म्हणजे प्राध्यापक वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीचा 1984 सालचा अहवाल. दांडेकर हे पुण्याच्या गोखले संस्थेचे. आकड्यांशी त्यांचे नाते निष्ठुर म्हणता येईल इतके प्रामाणिक होते. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा, गावांचे विद्युतीकरण अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढावयाची, प्रत्येक जिल्हा त्या सरासरीच्या किती खाली आहे ते पाहावयाचे आणि ती तूट भरून काढण्यास किती खर्च येईल ते मांडावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. बेरीज आली सुमारे 3,187 कोटी रुपये. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे 39 टक्के, मराठवाड्याचा सुमारे 24 टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा सुमारे 37 टक्के निघाला. या शेवटच्या आकड्याने पुष्कळांची पंचाईत केली, कारण ज्यास सरसकट ‘पुढारलेला’ म्हणून हिणविले जात होते, त्या भागाच्या पोटातही कोकण आणि अवर्षणग्रस्त पूर्व पट्टा दडलेला होता. शासनाने अहवाल औपचारिक रीतीने स्वीकारला नाही, पण त्याचे आकडे बाजूलाही सारता आले नाहीत. त्यानंतरचे प्रत्येक अंदाजपत्रक त्या आकड्यांकडे डोळा ठेवूनच तयार झाले.

आता या वहीतली गंमत पाहा. 1994 ची स्थिती धरून पुन्हा हिशेब झाला, तेव्हा बाकी 14,007 कोटींच्या घरात गेली. दहा वर्षे पैसा ओतूनही ती चौपटीहून अधिक वाढली. यात महागाईचा हात होताच, परंतु मर्म निराळे होते. सरासरी ही स्थिर वस्तू नाही. मागे पडलेला जिल्हा एक पाऊल टाकतो तोवर पुढे गेलेला जिल्हा दोन टाकतो, आणि दोघांची मिळून होणारी सरासरी पुन्हा मागच्याच्या डोक्यावर जाऊन बसते. शिवाय जिल्हा हे एकक इतके ऐसपैस आहे, की त्याच्या एका टोकास कालव्याचा ऊस आणि दुसऱ्या टोकास टँकरचे पाणी सुखाने नांदू शकते. विजय केळकर समितीने 2013 च्या अहवालात जिल्ह्याऐवजी तालुक्यापर्यंत उतरण्याचा जो आग्रह धरला, त्यामागे हेच कारण होते.

पण एकक लहान केल्याने मोजमाप सूक्ष्म होते. काम होतेच असे नाही. गोसीखुर्दचे उदाहरण घ्या. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवर हे धरण बांधण्यासाठी 22 एप्रिल 1988 रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. त्या वेळचा अंदाज 372 कोटी रुपयांचा होता. पुढे तो सुधारत सुधारत अठरा हजार कोटींच्या वर गेला. 2009 साली प्रकल्पास राष्ट्रीय दर्जा मिळाला. ज्या विदर्भाच्या नावाने सिंचनाच्या अनुशेषाची सर्वांत मोठी रक्कम वहीत मांडलेली, त्याच विदर्भात एवढा पैसा खर्ची पडूनही पायाभरणीनंतर तीन दशके उलटली तरी कालव्यांची कामे संपली नव्हती, आणि ज्यांची शेते पाण्याखाली गेली त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारीही संपल्या नव्हत्या. तरतूद आणि खर्च हे वहीचे रकाने भरतात. पाणी शेतात पोहोचले की नाही, यासाठी वहीत रकानाच नसतो.

हे मी कोठल्या पुस्तकातून शिकलो नाही. 1973 च्या उन्हाळ्यात, नोकरीस लागून वर्ष झाले नव्हते तेव्हा, मला मराठवाड्यातील एका तालुक्यात दुष्काळी कामावर मोजणीसाठी पाठविले होते. राज्यभरात त्या मे महिन्यात जवळपास पन्नास लाख माणसे अशा कामांवर होती. आमच्या कामावर खडी फोडली जात असे. माळावर दुतर्फा खडीचे ढीग रचलेले, मध्ये फेटे आणि पदर डोक्यावर ओढून बसलेली माणसे, हातोडीचा ठक्‌ठक् आवाज अखंड, आणि दुपारी सुकडीच्या वाटपाची घंटा झाली की तो एकदम थांबे. मी टेप घेऊन ढिगाची लांबी, रुंदी, उंची घेई आणि मुकादम ती मस्टरवर चढवी. एके दिवशी एका म्हाताऱ्या बाईने हातातली हातोडी खाली ठेवून मला विचारले, "सायेब, ही खडी कंच्या रस्त्याची वो?" मी कागद चाळले. कागदांत ढिगांचे क्रमांक होते, घनफळ होते, मजुरीचा दर होता. रस्त्याचे नाव नव्हते. तिने काही वेळ वाट पाहिली आणि पुन्हा हातोडी उचलली. पुढे काही वर्षांनी मी त्या वाटेने गेलो तेव्हा ते ढीग तसेच होते. त्यांवर बाभळी उगवल्या होत्या.

त्या कामांनी माणसे जगविली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. त्या अनुभवातूनच, सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात 1965 साली वि. स. पागे यांनी करून पाहिलेल्या प्रयोगास राज्यव्यापी रूप आले, 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागेल त्यास काम, हा हक्क म्हणून मान्य करणारे हे देशातले पहिले राज्य. खडीऐवजी पाझर तलाव, नालाबांध, वनीकरण असे टिकाऊ काम काढावे असा दंडक पडला, तो त्या म्हातारीने विचारलेला प्रश्न हजारो ठिकाणी विचारला गेला होता म्हणूनच, अशी माझी समजूत आहे.

आता थोडे दूरचे उदाहरण घेतो, कारण ‘ही खडी कोणत्या रस्त्याची’ हा प्रश्न आपल्या आधी सव्वाशे वर्षे आयर्लंडात विचारला गेला होता. 1845 पासून तेथे बटाट्याचे पीक रोगाने सलग बुडाले आणि जो महाभयंकर दुष्काळ पडला, त्यात इंग्रज सरकारने सार्वजनिक कामे काढली. 1847 च्या वसंतात सात लाखांहून अधिक माणसे त्यांवर राबत होती. खाजगी जमीनदारांचा फायदा होऊ नये या तात्त्विक आग्रहापायी पुष्कळसे रस्ते असे आखले गेले, की ते एका माळावर सुरू होऊन दुसऱ्या माळावर संपत. त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर असे रस्ते आजही दाखविले जातात. त्यानंतर देशाची जी गळती लागली ती शंभर वर्षे थांबली नाही. 1841 साली त्या बेटावर ऐंशी लाखांहून अधिक लोक होते. स्वतंत्र झालेल्या आयर्लंडच्या हद्दीत 1961 साली अठ्ठावीस लाखांच्या आसपास उरले. घरातल्या एकाने अमेरिकेस किंवा इंग्लंडास जावयाचे आणि त्याने पाठविलेल्या पैशावर मागच्यांनी दिवस काढावयाचे, ही रीत कोकणच्या मनीऑर्डरीवर वाढलेल्या आपणांपैकी कोणासही परकी वाटू नये.

या गळतीवर त्या देशाने जे उपाय केले, त्यांपैकी तीन मला आपल्या दृष्टीने लक्षणीय वाटतात. पहिला 1891 सालचा. पश्चिमेकडील नापीक पट्ट्यासाठी स्वतंत्र मंडळ स्थापून त्यास निधी आणि अधिकार देण्यात आले. त्याने धक्के बांधले, मच्छीमारांस होड्या दिल्या, विणकामाच्या शाळा काढल्या आणि पुढे जमीनदारांची मालकी विकत घेऊन ती कुळांत वाटली. परक्या सत्तेने नेमलेले असूनही त्यास प्रदेशाची हद्द होती, दफ्तर होते आणि कामाचा पत्ता होता. दुसरा उपाय 1959 सालचा. शॅनन येथे अटलांटिक ओलांडणारी विमाने इंधनासाठी उतरत. जेट विमाने आली तशी ती न थांबता पुढे जाणार आणि सारा परिसर ओस पडणार हे दिसू लागले, तेव्हा विमानतळाच्या शेजारीच करमुक्त औद्योगिक क्षेत्र उघडले आणि त्याबरोबर एक नवे गावच वसविले. या कल्पनेचा एक दूरचा वंशज आपल्या शेजारी आहे. अंधेरीचे ‘सिप्झ’ 1973 साली सुरू झाले. गोरेगावातून रोज सकाळी मरोळच्या बसने तेथे जाणारे लोक या सभेतही बसले असतील. फरक एवढाच, की शॅनन मागासलेल्या पश्चिमेत काढले ते तेथली माणसे तेथेच राहावीत म्हणून, आणि सिप्झ आपण मुंबईच्या ऐन मध्यावर काढले. देशास परकीय चलनाची निकड होती हे खरे. पण कल्पना उचलताना तिचा प्रादेशिक हेतू आपण सीमेवरच ठेवून आलो, हेही तितकेच खरे.

तिसरा उपाय युरोपीय समुदायात गेल्यानंतरचा. 1 जानेवारी 1973 रोजी आयर्लंड त्यात सामील झाले आणि विशेषतः 1989 नंतर प्रादेशिक निधीचा मोठा ओघ त्या देशाकडे वळला. पैसा बिनशर्त नव्हता: अनेक वर्षांची योजना आधी मांडा, स्वतःचा हिस्सा घाला आणि मागाहून मूल्यमापन करवून घ्या, असा तो व्यवहार होता. 1991 पासून ग्रामीण भागासाठी जी योजना आली, तीत तर निर्णयाचा अधिकारच गावकरी, सहकारी संस्था आणि स्थानिक प्रशासन यांच्या संयुक्त गटांकडे सोपविला गेला. याने सारे साधले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. डब्लिन आणि तिचा परिसर आजही त्या देशाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकसंख्या आपल्याकडे ओढून आहे. परंतु पैशाबरोबर संस्थाही उभी राहिली पाहिजे हा धडा त्यांनी घेतला, आणि तो घेण्यास त्यांस दीडशे वर्षे लागली.

आपल्याकडे हा धडा ठाऊक असलेली माणसे नव्हती असे नाही. धनंजयराव गाडगीळ यांचे नाव केंद्राकडून राज्यांस मिळणाऱ्या साहाय्याच्या 1969 सालच्या सूत्राशी जोडले गेले आहे. त्या सूत्रात साठ टक्के भार लोकसंख्येस होता आणि राज्याच्या दारिद्र्यास, कर उभारण्याच्या प्रयत्नास, चालू प्रकल्पांस व विशेष अडचणींस प्रत्येकी दहा टक्के. पण ज्या गाडगीळांनी सूत्र दिले, तेच गाडगीळ त्याच्या वीस वर्षे आधी विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत अध्यक्ष म्हणून बसत होते. सूत्राने वाटा ठरतो आणि वाटा घेण्यास हात लागतात, हे त्यांस ठाऊक होते. या सहकारी संस्थांचे पुढे अनेक ठिकाणी काय झाले, त्यांच्या गाद्या कशा वंशपरंपरा झाल्या, ते आपण रोज वाचतो. त्यावरून संस्था नकोत असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत. मी एवढाच काढतो, की संस्थेसही हिशेब विचारणारा कोणी असावा लागतो.

आणि आता मी गोरेगावाकडे येतो, कारण माझ्या प्रमेयाचा पुरावा आपण ज्या भूमीवर बसलो आहोत तेथेच पडला आहे. 1957 साली मुंबई महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, तेव्हा गोरेगाव शहरात आले. त्यापूर्वी येथे ग्रामपंचायत होती. सार्वजनिक गुंतवणुकीचा हात या गावास त्याही आधी लागला होता. शहरातले गोठे बाहेर काढावेत म्हणून 1949 साली दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने आरे वसाहत उभी राहिली आणि 1951 च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. पुढे 1977 साली त्याच डोंगराच्या कुशीत चित्रनगरी आली. परंतु आरेचे दूध सकाळी बाटल्यांतून दक्षिणेकडे जाई, विहारचे पाणी 1860 पासूनच दक्षिणेकडे जात होते, आणि दोहोंच्या शेजारी वसलेल्या गोरेगावच्या बायका रात्री नळापाशी रांगा लावून बसत. म्हणजे शासनाचा पैसा गावाच्या हद्दीत खर्ची पडला होता, तरी गावाचा विकास म्हणता येईल असे काही घडले नव्हते. अनुशेषाच्या कोणत्याही तक्त्यात ही विसंगती दिसली नसती.

ती मिटली ती मागणी करणारे लोक संघटित झाले तेव्हा. मृणाल गोरे 1961 साली महापालिकेवर निवडून गेल्या, 1972 साली विधानसभेत आणि 1977 साली लोकसभेत. पण या उपनगराने त्यांस जी पदवी दिली ती ‘पाणीवाली बाई’ ही होय, आणि ती कोणत्याही मतपेटीतून आली नव्हती. हंडा-कळशी घेऊन महापालिकेच्या दारात बसणाऱ्या बायकांस त्यांनी नुसते घोषणा देण्यास शिकविले नाही. कोणत्या वॉर्डास किती पाणी मंजूर आहे, नळ किती इंची आहे, ठराव कधी झाला आणि काम कोणाच्या मेजावर अडले, हे विचारण्यास शिकविले. पुढे दिंडोशीच्या उतारावर नागरी निवारा परिषदेने हजारो कुटुंबांसाठी घरे उभी केली, तीही कमाल जमीनधारणा कायद्याखालील अतिरिक्त जमिनीचा हक्क वर्षानुवर्षे मागून. गोरेगावास पाणी मिळाले ते राज्याच्या सरासरीखाली होते म्हणून नव्हे. जाब विचारणारी माणसे येथे होती म्हणून.

पण येथेच आपली जबाबदारी सुरू होते. या सभेत बसलेल्यांपैकी अर्ध्याअधिकांची मुळे कोकणात असतील. कोकणाने स्वतःसाठी काय मागितले, ते पाहा. 1990 साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. त्यात केंद्राचा हिस्सा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15 आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी 6. उरलेला पैसा रोख्यांतून उभा केला, आणि 1998 च्या जानेवारीत रोह्यापासून मंगळुरापर्यंतचा 741 किलोमीटरचा मार्ग वाहतुकीस खुला झाला. सार्वजनिक गुंतवणुकीचे याहून देखणे उदाहरण आपल्याकडे विरळा. तथापि 2001 ते 2011 या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरीत 2011 साली दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. तो आकडा स्त्रियांच्या सुस्थितीचा नसून पुरुषांच्या गैरहजेरीचा आहे. गाडी दोन्ही दिशांनी धावते. गावात थांबण्यास कारण नसेल तर ती माणसे घेऊन येण्याऐवजी घेऊन जाते, आणि गणपतीच्या चार दिवसांत ती परत आणून सोडते, एवढेच.

दुसरी गोष्ट गुरुजींच्या प्रश्नाची. मुंबईस आज रोज सुमारे 3,900 दशलक्ष लिटर पाणी मिळते, आणि त्यातले जवळजवळ निम्मे एकट्या भातसा धरणातून येते. भातसा आणि तानसा ही दोन्ही शहापूर तालुक्यात आहेत. त्याच शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात गावे आणि पाडे टँकरची वाट पाहतात. आपल्या जलवाहिन्या ज्या रानांतून येतात, त्या रानांतल्या बाया कोरड्या विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. अनुशेषाच्या वहीत प्रदेशाला किती द्यावयाचे राहिले ते लिहिलेले असते. प्रदेशाने किती दिले, त्याचा रकाना कोठे आहे? दूध, पाणी, वीज, वाळू आणि तरणी माणसे ही जावक कोणी नोंदली, तर पुष्कळ ‘मागास’ तालुके धनको आणि पुष्कळ ‘पुढारलेली’ शहरे ऋणको ठरतील.

शहराने काहीच दिले नाही असे मात्र म्हणता येणार नाही, आणि हे सांगताना मला अभिमान वाटतो. आपल्या पगाराच्या कागदावर ‘व्यवसायकर’ अशी एक ओळ असते. दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे, मिळून वर्षाचे अडीच हजार. ही ओळ 1975 च्या कायद्याने आली, आणि ती आली रोजगार हमीसाठी. दुष्काळी माळावर काम मागणाऱ्या माणसाच्या मजुरीचा भार शहरातल्या पगारदाराने उचलावा आणि राज्याने त्यात आपली भर घालावी, असा तो व्यवहार होता. आणि तो ठरविला होता आपल्याच प्रतिनिधींनी, आपल्याच विधिमंडळात. एका प्रदेशाने दुसऱ्या प्रदेशाशी केलेला याहून सभ्य करार मला ठाऊक नाही. दुर्दैव इतकेच, की ही कपात कशासाठी होते हे बहुतेकांस माहीत नाही, आणि ज्यास आपण काय देतो हेच माहीत नाही, तो त्याचा हिशेब काय विचारणार?

वैधानिक विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. त्यांची पुनर्स्थापना व्हावी असा निर्णय मंत्रिमंडळाने 2022 साली केला. मंडळे असावीत असे मलाही वाटते. परंतु नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि मुंबई येथे मंडळांच्या पाट्या लागल्याने मोखाड्याच्या पाड्यावर पाणी जाणार नाही. त्यासाठी हिशेबाचे एकक तालुका असले पाहिजे, जावकेचा रकाना वहीत असला पाहिजे, आणि तालुक्याच्या ठिकाणी मागणाऱ्याचा व जाब विचारणाऱ्याचा आवाज उमटला पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी सरकारने करावयाच्या आहेत. तिसरी सरकारकडून होणारी नाही. ती गोरेगावात बायकांनी केली, तशी इतरत्रही लोकांनीच करावी लागेल, आणि ज्यांनी ती एकदा केली आहे त्यांनी इतरांस हात दिला पाहिजे.

म्हणून चालकांस माझी एक विनंती आहे. या व्यासपीठावर आजवर विद्वान आले, मंत्री आले, संपादक आले आणि माझ्यासारखे सेवानिवृत्त अधिकारीही येऊन गेले. पुढील वर्षी शहापूर तालुक्यातील एखाद्या गावच्या सरपंच बाईंना पाचारण करावे. धरण ज्यांच्या शिवारात आहे आणि टँकर ज्यांच्या दारात येतो, अशा गावच्या. त्यांना वेळेचे बंधन घालू नये. त्यांच्या गावाचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर ठळक अक्षरांत छापावे, म्हणजे गुरुजींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर निदान या सभागृहातल्या दीडदोनशे घरांस तरी देता येईल. त्यांच्या प्रवासाचा आणि मानधनाचा खर्च चालकांनी माझ्या नावे लिहावा.